उजवी पापणी

कपाळावरच्या आठ्या घालवायला आलेला माणूस कोण, हे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दारातच ओळखलं. त्याने मात्र त्यांना ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? खटला चालला तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या, आणि साक्षीला एकटे बाबा उभे राहिले होते.

त्याचा डबाबंद वाटाण्यांचा कारखाना होता. डबे पुरेसे तापवले नाहीत, तर हवेशिवाय वाढणारे जंतू आत जिवंत राहतात आणि बंद डब्यात विष तयार करतात. तसलाच एक डबा आईच्या वाट्याला आला. तिला आधी एकाचे दोन दिसू लागले. "बरंय, फुकटात दुसरा नवरा मिळाला," असं म्हणून ती हसलीसुद्धा. मग पापण्या पडल्या, जीभ जड झाली, शेवटी छातीने हार मानली. शुद्ध मात्र अखेरपर्यंत होती. बोटाने पापणी उचलली की ती पोरीकडे बघायची.

कोर्टात कारखानदाराने सांगितलं, की डब्यात काही दोष नव्हता. त्या घरचं स्वयंपाकघरच गलथान असणार. रिकामा डबा केव्हाच कचऱ्यात गेला होता. पुरावाच उरला नाही आणि कारखानदार सुटला. तेव्हापासून बाबा ओटा घासत राहिले, हातांची सालं निघेपर्यंत. आपल्याच घरात काहीतरी चुकलं, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

आणि आता तो खुर्चीत मान टाकून सांगत होता, की लवकरच सत्कार आहे, फोटोत चेहरा तुकतुकीत दिसायला हवा.

सिरिंजमध्ये तेच विष होतं, शुद्ध केलेलं आणि अगदी किंचित. कपाळात नेमक्या जागी दिलं की आठ्या सैलावतात. जरा खाली उतरलं तर पापणी पडते. नवशिक्यांकडून असं कधीकधी होतं. बाईंचा हात आजवर कधी चुकला नव्हता. त्या दिवशीही चुकला नाही.

आठवड्याभरात तो धावत आला. उजवा डोळा अर्धा झाकलेला. सत्कार पुढे ढकलावा लागला होता. आता श्वासही अडकेल का, असं त्याने घाबऱ्या आवाजात विचारलं.

"नाही. पण हे मी मुद्दाम केलंय," बाई म्हणाल्या. "तुमच्या वाटाण्यांनी माझ्या आईची पापणी अशीच पडली होती. तुमची काही महिन्यांत उघडेल. तिची उघडली नाही."

त्याने वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. चौकशीत बाईंनी सगळं कबूल केलं, कारणासकट. बाबा मागच्या बाकावर बसले होते. वाटाण्यांचं हे खरं का, असं समितीने विचारताच कारखानदार भडकला.

"बॉयलर बिघडला होता, त्याला मी काय करू? माल थांबवला असता तर कारखाना बसला असता."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढे दुकानदारांनी त्याच्या डब्यांकडे पाठ फिरवली. बाईंचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. त्यांनी मनात पश्चात्ताप शोधून पाहिला, सापडला नाही.

घरी परतताना बाबांनी आपल्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुई टोचलीस तेव्हा त्याला दुखलं का गं?"

"फारसं नाही, बाबा."

"दुखायला हवं होतं," ते म्हणाले.