सोळा इंच

नव्या कोऱ्या बुटांचा माणूस आमच्या एल्कोतल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात शिरला की माझे कान टवकारतात. नेवाडाच्या या धुळीत बूट दुसऱ्या दिवशी नवे राहत नाहीत. हा सरकारी असणार, अशी माझी खात्रीच झाली.

त्याने नाव सांगितलं ड्वाइट पेल आणि रायफल टेबलावर ठेवली. मूळची साधीच, पण कुणीतरी नळी कापून नव्या दस्त्यात बसवलेली.

"जुनी घेतलीय, मॅडम. कायद्यात बसते का, तेवढं बघा. आणि बसत असेल तर अजून थोडी आखूड होईल का?"

झालं, टाकला गळ! मी 'हो' म्हटलं की आमचं लायसन गेलं, आणि आइतांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं चालवलेलं दुकानही.

"नाही होणार," मी ठणकावलं.

आमच्याकडे सगळं काम सोळा इंचांभोवती फिरतं. रायफलची नळी कायद्याने निदान तेवढी लांब हवी. त्याहून आखूड असेल तर तोंडाशी जोडलेला तुकडा मापात धरतात, पण तो खिळा ठोकून, वर वेल्डिंग करून कायमचा बसवलेला हवा. नुसता आट्यांवर फिरवलेला धरत नाहीत. बंदूक रिकामी असल्याचं दोनदा पाहून मी नळीत मापाची काठी सोडली. सोळा आणि वर थोडं. मग तुकड्याला पाना लावला, तर तो फिरला.

तुकड्याशिवाय नळी साडेचौदा. म्हणजे बाळगणाऱ्याला तुरुंग.

"तुम्हीच सैल करून आणलात, मला अडकवायला!"

"मी? अहो, तुरुंगाला घाबरूनच तर आलोय. ज्याने केलंय त्याची खूण बघा की खाली!"

तुकड्याच्या खालच्या बाजूला दोन खाचा आणि एक टिंब होतं. आइता तरुणपणी मेंढ्या राखायचे, तेव्हा आमच्या मेंढ्यांच्या कानावर हीच खूण असायची; आता ते ती आपल्या प्रत्येक कामावर उमटवतात. खिळ्याचं भोक रिकामं होतं. वेल्डिंग त्याच्या शेजारी, कोऱ्या पोलादावर पडलं होतं.

मी तुकडा घेऊन आत गेले. आइता खिडकीशी कानस चालवत होते.

"आइता, यावर वेल्डिंग कुठे केलंत?"

त्यांनी तुकड्याकडे पाहिलंच नाही. अंगठा पोलादावरून फिरवत नेला. "हे काय. पक्कं आहे."

"आणि खिळा?"

अंगठा थांबला. मग एकदम चिडून म्हणाले, "त्या बाहेरच्याला हाकल आधी! सरकारी वाटतो."

"कशावरून? बघितलंत तुम्ही त्याला?"

त्यांनी चाचपत कानस बाजूला ठेवली. मी इतके महिने आल्यागेल्यावर संशय घेत बसले, आणि घरातल्या माणसाचे डोळे गेले ते मला कळलं नाही!

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"तेव्हापासून अशा किती बंदुका गेल्या बाहेर?"

"बारा," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तू मला यंत्राला हात लावू दिला नसतास, माइते पोरी."

"नसताच दिला!" मी ओरडले, आणि मला रडू फुटलं.

वेल्डिंगच्या मुखवट्याचा पट्टा त्यांच्या डोक्याच्या मापाचा होता. तो मी माझ्या मापाचा केला आणि बाहेर आले.

"बसा, पेल," मी म्हणाले. "तुमची आत्ताच करून देते. मग मला उरलेल्या अकरा जणांना फोन करायचेत."