हवाईच्या राणीचा दहावा

हवाईची राणी गेली आणि सगळी पृथ्वी पोरकी झाली, असं शहादेवानं नांदूरघाटच्या चावडीत उभं राहून जाहीर केलं. पृथ्वीच्या वतीनं त्या वेळी सात माणसं हजर होती. त्यांतल्या दोघांना डुलकी लागली होती आणि एकाला ऐकू येत नव्हतं.

शहादेव जहाजावर खलाशी असताना हवाई बेटांवर जाऊन आलेला. परतल्यापासून नऊ वर्षं तो तिथल्या राजांच्या गोष्टी सांगे. एका राजानं लढून सगळी बेटं एक केली. दुसरा अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून आला. त्याच्या बहिणीनं, म्हणजे या राणीनं, गाणी रचली. मग उसाच्या मळेवाल्यांनी तिचं राज्य घेतलं. इथं लोक दर वेळी गहिनीनाथ पाटलांकडे बघत. गावात ऊस फक्त त्यांचा होता, तोही दहा गुंठे. राणीनं मला स्वतःच्या हातानं पाणी दिलं, या वाक्याला मात्र सगळे हसत.

"बास कर बे, शहादेव," पाटील म्हणाले. "राणीच न्हाई, तर मरंल कशी?"

शहादेवानं तंबाखूच्या पुडीचा कागद पुढे केला. मुंबईचं वर्तमानपत्र होतं, दोन महिने शिळं. गावचे भटजी बद्रीनाथ जोशींनी वाचून सांगितलं, की राणी होती, आणि आता नव्हती.

"राणी कबूल," पाटील म्हणाले. "पण तिनं तुला पाणी दिलतं, हे कशावरून?"

"तिचा दहावा घालतो. पिंडाला कावळा शिवला तर मी खरा. न्हाई शिवला, तर जल्मात हवाईचं नाव काढणार न्हाई."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय पणाला लावलं. शेत गावात सगळ्यांकडंच होतं. हवाई त्याच्या एकट्याकडं होती.

निजाम सरकारच्या मुलखात परक्या राणीचं सुतक चालतं का, हे बीडला विचारून यावं, असं चावडीतले बबनराव म्हणाले. जाणार कोण, यावर ते राहिलं. सुतक बातमी कळल्या दिवसापासून धरलं आणि दहाव्या दिवशी अख्खा गाव नदीकाठी लोटला. जोशींनी गोत्र विचारलं. कुणाला सांगता येईना.

"माहीत नसलं की कश्यप," जोशी म्हणाले, आणि हवाईचं राजघराणं कश्यप गोत्रात आलं.

शहादेवाच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, शिजवलेल्या भाताचा पिंड पानावर मांडला. बाभळीवर अकरा कावळे होते. एकही हलेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिलेली; ती ओळखून वचन द्यायचं.

"बाई, तुमची गाणी जपू," जोशी म्हणाले. एका कावळ्यानं फांदीवर चोच पुसली.

"तुमचं राज्य परत मिळवून देऊ!" पाटील गरजले. "नांदूरघाट जामीन हाय!"

कावळ्यांना हा जामीन पसंत पडला नाही.

"पाटील, उसाचं बोला," मागून बबनराव.

पाटलांनी दात खाऊन पुढच्या साली ऊस न लावण्याचंही कबूल केलं. कावळे ढिम्म.

ऊन चढलं. सुभद्राबाई नवऱ्याजवळ आली. "अवो, तुमचंच काई तरी आडलं असंल. सांगून टाका की."

शहादेवानं हात जोडले. "राणीसाहेब, तुमी मला पाणी दिलं न्हाई. मी तुमाला बघितलंसुदिक न्हाई. तुमच्या फाटकापतूर गेलतो. फाटक बंद होतं. घटकाभर हुभा ऱ्हायलो अन् माघारी आलो. राग धरू नका."

या वेळी कुणी हसलं नाही. बाभळीवरून एक कावळा उतरला, तिरक्या उड्या मारत पानाशी आला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

"शिवला!" पाटलांनी आरोळी ठोकली. "शहादेव खरा!"

"अवो पाटील, मी तर आत्ताच खोटा म्हणून..."

"गप बे! कावळ्यापरीस तुला जास्त कळतं व्हय? आता पहिल्यापासून सांग. सगळे राजे येऊ दे."

गाव गोल करून बसला. शहादेवानं पटका सारखा केला, छाती भरून घेतली, आणि पहिल्या राजाच्या होड्या अशा जोरात समुद्रात लोटल्या, की त्याच्या हातवाऱ्यांनी कावळा बिचकून पानावरून मागे झाला.

"अवो," सुभद्राबाई हळूच म्हणाली, "जरा तिकडं सरकून बोला. त्याचं जेवण व्हायचंय."