सेकंदाचा विसावा भाग

मी ब्रेकर बोलतोय. घरातल्या मीटरपाशी असतो तो चिमुकला नव्हे. चांगला सुटकेसएवढा, इस्पितळाच्या तळघरातल्या पॅनेलमध्ये छाती काढून उभा असलेला. बाहेरून येणारी वीज आधी मला भेटते, मग पुढे जाते.

माझ्या पुढचा शेजारी म्हणजे ऑटोमॅटिक चेंजओव्हर स्विच. वीज गेली की दहा सेकंदांत अख्खं इस्पितळ जनरेटरवर घेणारा. मान सगळा त्याला! पाहुणे आले की त्यालाच दाखवतात. पण गडी नाजूक. शॉर्टसर्किट झालं की जो प्रवाह उसळतो, तो त्याला सेकंदाच्या विसाव्या भागापुरताच सोसतो. तेवढ्यात मी वीज तोडली नाही, तर तो आतून वितळून जागच्या जागी चिकटतो. म्हणून मला उतावळा बनवलंय, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

आमचे फोरमनकाका मात्र माझ्यावर खार खाऊन होते. लाँड्रीत दोनदा शॉर्ट झालं, तिथल्या छोट्या ब्रेकरबरोबर मीही पडलो, म्हणजे वीज तोडली, आणि वॉर्डांत अंधार झाला. सुपरिंटेंडेंटबाईंनी काकांना सगळ्यांदेखत झापलं. ते तडक खाली आले आणि स्क्रूड्रायव्हरने माझी वेळेची डायल शेवटापर्यंत फिरवली.

"जरा दम धर की लेका! छोट्याला आधी पडू दे."

आता मला डायल सांगेल तेवढं थांबणं भाग होतं.

पुढे वार्षिक तपासणीला आलेली इंजिनिअर फोरमनकाकांचीच धाकटी लेक निघाली. तिने स्विच किती वेळ सोसेल ते लिहिलेली त्याच्यावरची पाटी वाचली, मग माझी डायल पाहिली.

"बाबा, हा सहापट जास्त थांबणार. तोवर स्विच उरेल का?"

"आणि पुन्हा अंधार झाला तर? बोलणी मला बसतात!"

"अंधार झाला तर जनरेटर आहे. स्विचच जळला, तर जनरेटर असून काय उपयोग?"

"तीस वर्षं हेच करतोय. मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. सही करत नाही, एवढंच."

तिसऱ्या दिवशी काका एकटेच आले, पाटी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि डायल मागे घेतली. "हट्टी. आईवर गेलीय," एवढंच पुटपुटले.

महिन्याभराने भर दुपारी लाँड्रीतला पाइप फुटला आणि पाणी थेट तिथल्या पॅनेलमध्ये शिरलं. प्रवाह उसळला. मी क्षणाचाही विचार न करता पडलो, लाँड्रीचा छोटाही पडला. सगळीकडे अंधार झाला. वर एका बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालू होती. काका टॉर्च घेऊन स्विचसमोर उभे राहून मोठ्याने आकडे मोजत होते. सातला जनरेटर गुरगुरला. नवाला माझा शेजारी खणखणीत आवाजात म्हणाला, खट्ट! दिवे आले.

लगेच सुपरिंटेंडेंटबाईंचा फोन आला. "पुन्हा अंधार?"

"नऊ सेकंद, बाई," काका म्हणाले. "खालचा ब्रेकर थांबला असता, तर दिवे आलेच नसते."

काका आता निवृत्त झालेत. जाताना त्यांनी माझ्या डायलवर चिठ्ठी चिकटवली, ती अजून आहे. नव्या मंडळींनो, मी पडलो की मला खुशाल शिव्या घाला, पण हात लावण्याआधी तेवढी वाचा:

"फिरवू नये. मी फिरवली होती. चुकलो होतो. शंका असल्यास माझ्या मुलीला विचारा."