घरची ढेप

आमच्या खुटबावच्या घरात गूळ दोन प्रकारचा असतो, एक विकायचा आणि एक खायचा. हे मला माझ्या बाळंतपणात कळलं. सांगताना अजूनही डोकं तडकतं.

आबा, म्हणजे माझे वडील, होते तेव्हा असं नव्हतं. गुऱ्हाळावर गिऱ्हाईक आलं की आबा थप्पीतली हाताला लागेल ती ढेप ओढायचे, कोपरा फोडून आधी स्वतःच्या तोंडात टाकायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या हातावर खडा ठेवायचे. भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला काळपट गूळ, दिसायला काही देखणा नव्हता. पण शिरूरच्या कुशाबाई त्याच गुळासाठी एसटीनं चौफुल्याला उतरायच्या. त्यांच्या बचत गटाच्या बायका बाळंतिणींसाठी डिंकाचे लाडू करून विकतात.

आबा गेले आणि गुऱ्हाळ थोरल्या भावाच्या, नवनाथच्या हातात आलं. मी तेव्हा सासरी होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, मुलगी झाली. बारसं उरकलं की दौंडला जाऊन मी हक्कसोडावर, म्हणजे आबांच्या मिळकतीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करायची, असं ठरलं होतं. बहिणी करतातच. मीही करणार होते.

बारशाच्या आदल्या दिवशी कुशाबाई आल्या. "जयभीम, माया," म्हणत त्यांनी लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तुमच्याच गुळाचं हायत. म्या सोता वळल्यात." पोरीच्या गालाला बोट लावलं आणि आईनं हाक मारली म्हणून चहाला ओट्यावर गेल्या.

मी लाडू उचलला. पिवळाधमक होता. आई मला देत होती तो तर काळपट. एवढ्यात नवनाथ आत आला आणि त्यानं लाडू माझ्या हातातून हिसकावून घेतला.

"ह्यो खाऊ नगंस. म्हशीला घाल." मग स्वतःच थबकला. "न्हाई, म्हशीला बी नगं. गाभण हाय ती."

"का रं दादा? आपल्याच गुळाचा हाय."

"पावडर आसती त्यात. काहिलीत रस उकळताना टाकली की गूळ पिवळा निघतो, मार्केटला त्योच चालतो. तू पोरीला पाजतीयास. तुझ्यासाठी घरची ढेप येगळी काढलीया."

किती मायेनं सांगत होता! बहिणीची काळजी, भाचीची काळजी, म्हशीचीसुद्धा काळजी. आणि ज्या बाईनं आबांचं नाव बघून दोन हंगाम गूळ नेला, ती बाहेर ओट्यावर आमचाच चहा पीत होती.

माझा आवाज त्या घरात कधी चढला नव्हता. त्या दिवशी चढला. मी कुशाबाईंना आत बोलावलं आणि नवनाथचं बोलणं जसंच्या तसं त्यांच्यासमोर सांगितलं. आई दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मला तिचा राग भावापेक्षा जास्त आला.

कुशाबाई नवनाथकडे वळल्या. "रंग बदलला तवाच इचारलं हुतं तुला. ऊस नव्या जातीचा हाय, म्हनलास."

"मावशी, थोडीच टाकतो. सगळीच टाकत्यात. औंदा ऊस गाळायचा नवा चरक घेतलाय, त्याचं पैसं फिटलं की म्होरल्या वर्सी बंद करतो."

"थोडीच ना? मग खा." त्यांनी डब्यातला लाडू त्याच्यापुढं धरला. "तुझा आबा खायचा माझ्याम्होरं."

नवनाथचा हात काही उठला नाही.

"माझ्या नातसुनेनं आख्खा डबा खाल्लाय," कुशाबाई म्हणाल्या. लाडू परत आत ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि डबा घेऊन त्या निघून गेल्या. ओट्यावर चहा अर्धा तसाच राहिला.

"धंदा बुडवलास," नवनाथ माझ्यावर खेकसला. "आता शिरूरभर बोंब हुईल."

"बुडवला तो तू. आबांनी जल्मभर खाऊन दाखवलं म्हणून लोक डोळं झाकून नेत्यात. तू त्या झाकल्या डोळ्यांवर धंदा करतूस. त्ये डोळं उघडलं की काय इकणार हायस? आन् ऐक, सही मी करणार न्हाई."

"वाटा पायजे व्हय?"

"व्हय, पायजे. काहिलीत काय पडतंय ते बघायला पायजे."

सकाळी बारशाची पाहुणेमंडळी यायच्या आत मी कानाला रुमाल बांधला, पोरीला आईच्या मांडीवर दिलं आणि गुऱ्हाळावर गेले. अजून सव्वा महिनाही झाला नव्हता. "आगं बाळंतीण हायस तू!" आई मागून ओरडत होती. ओरडू दे. काल कुशाबाईंसमोर ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

व्यापाऱ्याचा टेम्पो भरून उभा होता. मी त्याचा मागचा फाळका पाडायला लावला, वरची ढेप खाली ओढली आणि दगडानं तिचा कोपरा फोडला. गुळव्या, चुलवाण पेटवणारा, हमाल, सगळे हातातलं काम टाकून बघत होते. मी खडा नवनाथपुढं धरला.

"खा. मग गाडी जाऊ दे."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. नवनाथनं माझ्याकडं पाहिलं, खड्याकडं पाहिलं. माझा हात दुखायला लागला, पण मी तो खाली घेतला नाही.

शेवटी तो हमालांकडं वळून म्हणाला, "उतरवा समदा."