चौकटचा जनक

चौकट बंद करायचं ठरवलं तेव्हा सांभाळकरणीला ना वाईट वाटलं ना राग आला. सुटल्यासारखं वाटलं, एवढंच. सांभाळकरीण हे नाव तिला थोरल्या बहिणीनं ठेवलं होतं, तेही कुजकटपणानं. "स्वतःच्या कुंडीतली रोपं वाळून गेली, आणि ही जगाच्या तारखा सांभाळत बसलीय!"

चौकट म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली एक छोटीशी लायब्ररी. वेबसाइटवर तारीख भरायला गेलं की महिन्याचे चौकोन उघडतात ना, तेवढंच तिचं काम. ओपन सोर्स. म्हणजे कुणीही घ्यावी, फुकट वापरावी आणि बिघडली की शिव्या घालाव्यात. यातला शेवटचा हक्क लोक अगदी मन लावून बजावत. सांभाळकरीण एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात कंप्युटरचं काम बघायची आणि रविवारी सकाळी चौकटच्या तक्रारी निस्तरायची. पण आता तसलं कॅलेंडर ब्राउझरमध्येच आयतं मिळायला लागलं होतं. तिनं आधी आपल्या हॉस्पिटलातून चौकट काढली आणि मग जगाला कळवलं, "चौकट म्हातारी झाली. तिनं आपलं काम केलं. आता तिला सुखानं जाऊ द्या."

झालं! ज्यांनी इतकी वर्षं साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, ते गळा काढत धावून आले. कुणी लिहिलं, हा विश्वासघात आहे. कुणी लिहिलं, आमचं कसं होणार. शेवटी चौकटच्या भवितव्यावर विचार करायला स्क्रीनवर एक बैठक भरली. एरवी एक चूक सुधारायला बोलावलं तर महिनोन्महिने न फिरकणारी माणसं त्या दिवशी वेळेआधी हजर.

"चौकट आमच्या कुटुंबातलीच आहे," एका मोठ्या कंपनीचा मॅनेजर म्हणाला. त्याच्या कंपनीच्या पानापानावर चौकट होती.

"असं का? मग आजारी होती तेव्हा कुणी भेटायला नाही आलं ते," सांभाळकरीण म्हणाली.

मॅनेजर समजूतदारपणे हसला. मग एका बाईंनी नवा लोगो दाखवला. तो गोल होता. चौकटचा लोगो गोल असावा का, यावर बैठकीचा निम्मा वेळ गेला. उरलेल्या वेळात एक दाढीवाला म्हणाला, "एआयला सांगू. एका दुपारीत सगळं नव्यानं लिहून देईल."

"देईल की. आणि दुसऱ्या दिवशी मोडलं तर निस्तरणार कोण?"

एकेक करून सगळ्यांचे कॅमेरे बंद झाले. कुणाचं नेट गेलं, कुणाची दारावरची बेल वाजली. तेवढ्यात एक भारदस्त आवाज आला, "मी आहे."

हा जनक. तरुणपणी एका सुट्टीत त्यानं चौकट लिहिली आणि वर्षाच्या आत वाऱ्यावर सोडली. तेव्हापासून तो परिषदांमधून 'चौकटचा जनक' म्हणून मिरवत होता. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही तेच छापलेलं असे. त्यानं लिहिलेल्यातल्या आता दोनच गोष्टी काय त्या उरल्या होत्या. एक म्हणजे पहिल्या ओळीतलं त्याचं नाव. दुसरी म्हणजे एक स्पेलिंगची चूक. कॅलेंडर उघडणाऱ्या हुकमाचं नावच त्यानं चुकीचं लिहिलं होतं, आणि जगभरच्या वेबसाइटी चौकटला त्याच चुकीच्या नावानं हाक मारत होत्या. नाव सुधारलं असतं तर कुणाचीच हाक तिला ऐकू गेली नसती.

"लेकराला कुणीही टाकलं तरी बाप टाकत नसतो," जनक छातीवर हात ठेवून म्हणाला. कॅमेरे पटापट पुन्हा सुरू झाले. टाळ्या पडल्या. तो सांभाळकरणीला म्हणाला, "तू दमलीस गं. दे माझ्याकडे."

तिनं तिथल्या तिथे सगळे पासवर्ड, सगळे अधिकार त्याच्या हवाली केले. "एकच सांगते. ती स्पेलिंगची चूक तेवढी सुधारू नका."

"अशा चुका माझ्या नावावर शोभत नाहीत," जनक म्हणाला.

आणि पठ्ठ्यानं पहिल्याच आठवड्यात ती सुधारली! किरकोळ दुरुस्ती म्हणून पाठवली, त्यामुळे हजारो वेबसाइटींनी ती आपणहून उचलली. सकाळी ऑफिसं उघडली आणि तारखेच्या रकान्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी काही उघडेना. सांभाळकरीण दोरीवर कपडे वाळत घालत होती तेव्हा फोन वाजला.

"अहो, जरा वेळ आहे का तुम्हाला?" जनक म्हणाला. एका सकाळीत 'गं'चं 'अहो' झालं होतं.

"नाही," ती म्हणाली. फोन ठेवावा, बसू दे बोंबलत, असं तिला मनापासून वाटलं. पण कुठल्यातरी दवाखान्याच्या खिडकीशी एखादी म्हातारी ताटकळत उभी असेल, हेही तिच्या डोळ्यांपुढे आलं. म्हातारीचा यात काय दोष? तिनं चादर पिळली आणि म्हणाली, "चूक परत घाला."

"म्हणजे?"

"होती तशी. मुद्दाम चुकीचं लिहा."

त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"हे बरोबर आहे."

"मग झालं तर!"

"अहो, चुकीचं हवंय!"

दोनदा त्या शहाण्याची बोटं बरोबरच लिहून गेली. ज्याला तरुणपणी हा शब्द धड लिहिता आला नव्हता, त्याला तो नेमका त्या दिवशी चुकवता येईना. शेवटी तिनं एकेक अक्षर सांगून ती चूक त्याच्याकडून लिहून घेतली.

पुढचे काही रविवार जनकाला तक्रारींनी फाडून खाल्लं. लोगोवाल्या बाई, दाढीवाला, कुणी जवळ आलं नाही. मग एका परिषदेत त्याचं भाषण झालं. विषय, 'चौकटचं भवितव्य'. ताईनं ते फोनवर लावलं आणि दोघी बहिणी बघत बसल्या.

"चौकट म्हातारी झाली," जनक पुन्हा छातीवर हात ठेवून म्हणाला. "तिनं आपलं काम केलं. आता तिला सुखानं जाऊ द्या." सगळं सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या मॅनेजरनं डोळे पुसले. हा केवढा धाडसी निर्णय, असं सूत्रसंचालक म्हणाला.

"अगं, हे तुझंच वाक्य! शब्दन् शब्द!" ताई उसळली. "तुला काहीच कसं वाटत नाही?"

सांभाळकरणीला लागलं होतं. चांगलंच लागलं होतं. इतक्या रविवारांचा मालक भलताच निघाला, म्हणून दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरची मेल आली. चौकट आता बंद झालीच आहे, तर आमच्या कंपनीपुरती ती तुम्ही चालू ठेवाल का? मोबदल्याची तशी तरतूद नाही, पण तुमचं नाव होईल.

तिनं मेल ताईला मोठ्यानं वाचून दाखवली. दोघींना हसू आवरेना.

"काय लिहिणार मग?" ताईनं डोळे पुसत विचारलं.

सांभाळकरणीनं लिहिलं, 'जनकांना विचारा. बापच तो, नाही म्हणायचा नाही.' आणि खाली त्याचा फोन नंबर टाकला. घरचासुद्धा.