लॉरेनचा स्वेटर

आमच्या तंबूच्या दोन्ही बाजूंना तंबू, मागे तंबू, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे पुन्हा तंबू. माणसं रानात शांतता शोधायला येतात आणि एकमेकांच्या दोऱ्यांना अडखळत फिरतात. लॉरेन असती तर तिने एव्हाना अर्ध्या मैदानाशी ओळख करून घेतली असती.

माझी बायको जाऊन वर्ष झालं. तिचा निळा स्वेटर मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवतो आणि झोपताना पिशवीचं तोंड जरासं उघडतो. तिच्या लॅव्हेंडरच्या क्रीमचा वास त्यात अजून आहे. आता फारच थोडा उरलाय, म्हणून मी तो स्वेटर कुणालाच देत नाही.

दिवस मावळायच्या आधी रेंजर पोरगी आली. "वास येणारं सगळं तंबूजवळच्या लोखंडी पेटीत ठेवा. खाणं, टूथपेस्ट, साबण, क्रीम. गाडीतसुद्धा काही नको, अस्वलं दार सोलून काढतात."

"ठेवलंय सगळं," मी म्हणालो.

"डॅड, स्वेटर," माझी मुलगी ग्वेन म्हणाली.

"स्वेटर काय खायची वस्तू आहे?"

"हे अस्वलाला कोण समजावणार? तू?"

रेंजर हसली, पण पेटी बंद होईपर्यंत तिथून हलली नाही. बेकन, कांदे आणि पॅनकेकचं पीठ यांच्यामध्ये मी ती पिशवी ठेवली. असा संताप आला मला ग्वेनचा! आईला पुरलं त्या दिवशीही ही रडली नाही. पाहुण्यांना सँडविच पुरतील ना, हेच विचारत फिरत होती. आता आईचा स्वेटर कांद्यात टाकायला लावतानाही हिला काही वाटलं नाही.

मला काही केल्या बसवेना. नळावर गेलो, पाणी न घेताच परत आलो. पेटीची कडी ओढून पाहिली. पिशवी नीट बंद केली होती ना? बेकनचा वास आत शिरला तर? पुन्हा कडी ओढली.

"काही हरवलंय का?" शेजारच्या शेकोटीवरून एकाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"डॅड, बस ना जरा! भोवरा झालाय तुझा नुसता."

"तुला काय कळणार," मी म्हणालो. ती लवकरच तंबूत शिरली. मी रात्रभर कूस बदलत राहिलो.

उजाडलं तेव्हा ग्वेनची झोपायची पिशवी रिकामी होती. मी तसाच मोज्यांवर बाहेर पळालो. पेटीचं दार सताड उघडं. अस्वल आलं, मला वाटलं, गेलं सगळं.

ग्वेन गुडघ्यांवर बसली होती, खांद्यांपर्यंत पेटीत शिरलेली. पिशवी उघडी होती आणि स्वेटरात तिचं तोंड खुपसलेलं. वास उडून जाईल, म्हणून मी ओरडणारच होतो. तेवढ्यात तिचे खांदे हलताना दिसले.

"ग्वेन."

तिने मागे पाहिलं नाही. "एकदाच, डॅड. तू कधी हातच लावू देत नाहीस."

पिशवी बंद करायला पुढे केलेला हात मी मागे घेतला आणि तिच्या शेजारी खडीत गुडघे टेकले.

"सरक जरा," मी म्हणालो.