सासूने सुनेला गाय म्हटलं

या, अशा जवळ येऊन बसा. देवाचं नाव घ्या आणि कान इकडे द्या. आमच्याच घरात घडलेली गोष्ट सांगते, पदरचं काही घालत नाही.

आमचे हे कोर्टाचे शपथ घेतलेले दुभाषी. कोर्टाचा कारभार पोर्तुगीजमध्ये. मराठी कागदाचं पोर्तुगीज करून हे खाली शिक्का मारायचे: ‘मुळात आहे तेवढंच, तसंच.’

एकदा एक विधवा आली, चार वर्षांच्या लेकीचं बोट धरून. दीर म्हणत होता, हिची चालचलणूक बरी नाही, पोर माझ्या ताब्यात द्या. तिच्या बाजूने एकच कागद होता, सासूचा जबाब. अंथरुणावरून सांगून लिहवलेला. मग आठ दिवसांत म्हातारी गेली. त्या जबाबात होतं, ‘माझी सून गाय आहे हो, गाय. तिच्या पदरातून पोर ओढू नका.’

तिथे ह्यांचा हात थांबला.

“काय झालं?” मी विचारलं.

“अगं, गायीला त्यांच्यात व्हाका म्हणतात. पण बाईला व्हाका म्हटलं की शिवी होते, आणि तीही चालीवरची.”

“मग सालस म्हणा. नाहीतर कोकरू करा तिचं!”

“म्हातारी कोकरू म्हणाली का? शपथ घेतलीय मी.”

“शपथ तुमची, पोर तिची! देव काय शब्दकोश उघडून बसलाय?”

हसले, पण ऐकलं नाही. व्हाकाच लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात टीप दिली, की आमच्यात गाय म्हणजे सोशीक, निष्पाप, पोटच्या पोरासाठी जीव टाकणारी. जमिनीच्या कागदांवर त्यांच्या अशा टिपा नेहमी चालायच्या. मुलांच्या ताब्याच्या खटल्यात चालत नाहीत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कारकुनाने नवी प्रत टाइप केली आणि टीप गाळली, ह्यांच्या शिक्क्याची नोंद मात्र तशीच ठेवली.

सुनावणीला मीही गेले होते. दिराच्या वकिलाने व्हाकाचं तेवढंच वाक्य खड्या आवाजात वाचलं, पुढचं सोडून दिलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दुकानात काम करून ती विधवा पोर्तुगीज शिकलेली. तिचा चेहरा उतरला.

हे उठले. “साहेब, आमच्या भाषेत...”

“तुम्ही साक्षीदार आहात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही.”

“खाली शिक्का तुमचाच ना?”

“माझाच.”

“मग बसा. स्वतःची सासूच असं म्हणते, तर आणखी काय ऐकायचं?”

पोर दिराकडे गेली.

बाहेरच्या जिन्यावर हे हात जोडून तिला समजावू लागले, सासूबाई तुला गरीब गाय म्हणाल्या होत्या गं.

“मला कळतं हो काका,” ती म्हणाली. “साहेबांना कळवा ना.”

ह्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही न वाचताच परत आले. चौथा त्यांनी लिहिलाच नाही.

मला काही करता आलं नाही, तुम्हालाही येणार नाही. एवढंच करा, हात जोडाल तेव्हा त्या मायलेकींची आठवण ठेवा.